आजोबांच्या नावाचे दोन लाख आणि कागदावरचे नऊ कामगार

या आठवड्याचं पत्र बेळगावातून आलंय. नाव-गाव काढून आणि थोडं आखडून देते.

"ताई नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता अनगोळला राहतो. उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), तीन लेथ, हायड्रॉलिक पार्टचं जॉबवर्क, १४ माणसं कामाला, पगार सरासरी १६ हजार. माझे आजोबा गेल्या वर्षी वारले. आयुष्यभर फौंड्रीत मोल्डर होते, शेवटची वर्षं छातीच्या दुखण्यात गेली, पेन्शन नाही काही नाही, पण वडिलांना शिकवलं आणि मला डिप्लोमा करायला लावला. वर्षश्राद्धाला त्यांच्या नावानं २ लाख रुपये द्यायचे असं घरात ठरलंय आणि तिथनंच भांडण सुरू झालंय. वडील म्हणतात गावच्या वेशीत कमान बांधूया, आजोबांच्या नावाची. मी म्हणतो २ लाखानं काय होणार. मी रतन टाटांना देव मानतो, ऑफिसात त्यांचा फोटो आहे, अझीम प्रेमजींबद्दल मिळेल ते वाचतो, माझं म्हणणं आधी धंदा ५० कोटीला नेतो, मग आजोबांच्या नावानं फाउंडेशनच काढतो. बायको माझे अकाउंट बघते, ती म्हणाली, माणसं १४ आणि कागदावर ९, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरत नाही, आधी ते करा आणि मग दानाचं बोला. हे मला फार लागलं. मामा म्हणतात, मोठे लोक टॅक्स वाचवायला दान करतात, तू कुणाच्या नादाला लागलायस. ताई, माणसानं आदर्श मानायचं तरी कुणाला? आणि या २ लाखाचं काय करू?"

भाऊ, वहिनींचं बरोबर आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकते कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे, आणि त्यांचं बोलणं लागलं असं तुम्ही लिहिलंय ते मला चांगलं लक्षण वाटतं, ज्याला फरक पडत नाही त्याला लागत नाही.

पण वहिनींचं ऐकायचं म्हणजे भिंतीवरचा टाटांचा फोटो उतरवायचा असं नाही हं. उलट त्या घराण्याचा इतिहास नीट काढून बघितला तर टाटा वहिनींच्या बाजूनं उभे राहतील. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली १८७७ साली, आणि तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला १८८६ ला, कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायची पद्धत आणली १८९५ ला. तेव्हा असला कुठला कायदा नव्हता, कुणी इन्स्पेक्टर दारात येणार नव्हता. पुढं जमशेदपूरच्या कारखान्यात ८ तासांची पाळी १९१२ ला आली, भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड १९२० ला, आणि देशात या गोष्टी कायद्यानं यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. आपण टाटा म्हटलं की साधी राहणी, कुत्र्यांवरचं प्रेम आणि हॉस्पिटल-कॉलेजांच्या देणग्या एवढंच बोलतो, रील्समध्ये तेवढंच येतं, पण पाया हा आहे, आधी कामगाराचं देणं आणि मग समाजाचं. तुम्ही त्यांना देव मानता ना, मग त्यांनी कायदा नसताना जे केलं ते तुम्ही कायदा असताना तरी करायला पाहिजे की.

दुसरी बाजू पण बघा. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी होते, पोलादाचे राजे, श्रीमंतानं मरायच्या आत संपत्ती वाटून टाकावी असं त्यांनी १८८९ ला लिहिलं आणि खरंच वाटली, त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर लायब्रऱ्या उभ्या राहिल्या, ही काय लहान गोष्ट नव्हे. पण १८९२ ला त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यात मजुरी कापण्यावरून तंटा झाला, कंपनीनं भाडोत्री हत्यारबंद माणसं आणली, गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं मेली, युनियन मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडला होते, कारभार मॅनेजर बघत होता. सहा वर्षांनी त्याच कामगारांच्या वस्तीला त्यांनी सुंदर लायब्ररी बांधून दिली. आता १२ तास भट्टीसमोर उभा राहून घरी आलेला माणूस पुस्तक कधी उघडणार सांगा. मी त्या लायब्रऱ्यांना नावं ठेवत नाही, लाखो पोरं तिथं वाचून मोठी झाली आणि ते पुण्य खरंच आहे, पण त्या कामगारांचं जे गेलं ते त्या इमारतीनं भरून आलं नाही, हेही तितकंच खरं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक झाकून दुसरी सांगायची नाही. आदर्श कुणाला मानायचं असं तुम्ही विचारलंय, तर माझं म्हणणं, अख्खा माणूस उचलून देव्हाऱ्यात ठेवू नका, त्यानं केलेलं एखादं काम उचला आणि ते आपल्या शॉपमध्ये आपल्या मापानं करता येतं का बघा.

आता ते तुमच्या मापाचं काम म्हणजे ईएसआय, त्याचा हिशोब मांडते, कारण आकडा बघितल्याशिवाय मालक लोकांना पटत नाही आणि त्यात गैर काही नाही. १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतो, २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. तुमची १४ माणसं, १६ हजार सरासरी, म्हणजे महिन्याला पगार २ लाख २४ हजार, त्यावर तुमचा हिस्सा ७,२८०, वर्षाचे ८७,३६० रुपये. यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळतं, आजारी पडला तर ठरलेल्या दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के मिळतात, कामावर अपघातात जीव गेला तर घरच्यांना महिन्याला रक्कम मिळते. आणि भाऊ, धंद्यामुळं होणाऱ्या आजारांची जी यादी त्या कायद्यात आहे ना, त्यात दगड-वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार आहे. म्हणजे सिलिकोसिस. तुमच्या आजोबांना नेमकं काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही आणि मी इथून ते ठरवणार नाही, पण मोल्डिंगच्या वाळूत आयुष्य काढलेला माणूस शेवटी छातीच्या दुखण्यानं गेला आणि हातात काहीच नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय, आणि त्याच पत्रात कागदावर ९ माणसं हेही लिहिलंय. हे दोन एकत्र वाचून बघा एकदा. आजोबांच्या नावानं जे काय करायचं ते इथनं सुरू होतं असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण आजोबा कुणा दात्याचे नव्हते, ते तुमच्या त्या पाच माणसांसारखेच होते ज्यांचं नाव कागदावर नाही.

एवढ्यानं धंदा बसेल अशी भीती असेल तर आपल्याच गावातलं उदाहरण आहे. मच्छेचे पॉलिहायड्रॉनवाले सुरेश हुंदरे तुमच्याच लाइनमधले, हायड्रॉलिकवाले, लाच न देता आणि टॅक्स न चुकवता कारखाना चालतो हे त्यांनी बोलून नाही तर चालवून दाखवलं. उद्यमबागेत जुन्या माणसांना विचारा, सांगतील.

मागचं राहिलेलं काय आणि कसं भरायचं त्यासाठी तुमच्या सीएंकडं जा आणि सगळं खरं सांगा, आपणहून गेलेलं कधीही बरं. पीएफ २० माणसांवर सक्तीचा होतो, पण त्याच्या आत असलात तरी मालक-कामगार दोघांची तयारी असेल तर घेता येतो. ते पुढच्या वर्षी बघा, आधी हे.

मामांचं काय, मामांचं थोडं बरोबर आणि बरंचसं चूक आहे. दान देऊन टॅक्स वाचतो हे खरं, पण जेवढं दिलं त्याचा काही भागच वाचतो, बाकी खिशातनं जातंच, त्यामुळं फक्त टॅक्स वाचवायला कुणी दान करत असेल तर त्याला गणित येत नाही असं म्हणावं लागेल. जिथं मामांचा संशय बरोबर आहे ती जागा वेगळी आहे. मोठ्या कंपन्या सीएसआर म्हणून जो बोर्ड लावतात, जेसीबी आणून फोटो काढतात, ते बहुतेक वेळा कायद्याचं देणं असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, २०१४ च्या एप्रिलपासून लागू आहे, ५ कोटीच्या वर निव्वळ नफा असला किंवा उलाढाल, निव्वळ संपत्ती (नेटवर्थ) ठरलेल्या मर्यादेच्या वर असली की तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. त्यातनं शाळा रंगली तर चांगलंच झालं, मला आनंदच आहे, पण ते कुणाच्या मनाचं मोठेपण म्हणून मिरवू नये. स्वतःच्या मालकीचं दिलं आणि कायद्यानं द्यावं लागलं यात फरक करायला शिका, म्हणजे मामांशी वाद घालताना तुमची बाजू पक्की राहील.

आता "आधी ५० कोटी मग फाउंडेशन" यावर बोलायचंय, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. अशी पत्रं मला बरीच येतात, पोरं हुशार असतात, कष्टाळू असतात, पण देणं ही गोष्ट श्रीमंतीच्या पुढच्या स्टेशनावर ठेवून देतात आणि गाडी तिथं पोचतच नाही, कारण ५० कोटी झाले की १०० दिसायला लागतात.

बेळगावात राहता ना, मग रोज ज्या पाट्या वाचता त्याच जरा थांबून वाचा. केएलई ही आज केवढी मोठी शिक्षणसंस्था आहे, हॉस्पिटलही आहे, आपली कानडी-मराठी सगळी माणसं त्या हॉस्पिटलात जातात, तिची सुरुवात १९१६ ला केली ती सात जणांनी, आणि ते सातही तरुण शिक्षक होते, कारखानदार नव्हते. पगारावर जगणारी माणसं. पैसेवाले मागनं आले आणि आले तेव्हा भरभरून दिलं, वंटमुरीच्या राजा लखमगौडांचं नाव कॉलेजला आहे, शिरसंगीच्या लिंगराज देसायांचं आहे. हे लिंगराज देसाई १९०६ ला गेले, जाताना इस्टेट मुलांच्या शिक्षणासाठी लिहून ठेवून गेले. टिळकवाडीतलं जीएसएस म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी गोविंदराम सेक्सरिया, गोगटे इंजिनिअरिंग १९७९ चं, ते रावसाहेब गोगट्यांच्या नावानं. या सगळ्यांनी दिलं म्हणून आपल्याकडची पोरं पुण्या-मुंबईला न जाता शिकली. पण दात्यानं द्यावं असं काहीतरी आधी कुणीतरी बिनपैशाच्या माणसानं उभं केलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं तर तुम्हाला माहीत असणारच, जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते. बेळगावातली जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि वर बिनव्याजी पैसे दिले, तिथं १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध हे काही मोठं संस्थान नव्हतं. मला या गोष्टीत किर्लोस्करांइतकेच भवानराव मोठे वाटतात, नाव न झालेल्या माणसावर वेळेला विश्वास टाकला म्हणून. असं देणं लहान माणसालाही जमतं. तुमच्या शॉपमधला एखादा हेल्पर प्रोग्रॅमिंग शिकायला तयार असेल तर त्याची फी भरा, संध्याकाळी दोन तास लवकर सोडा.

आणि टाटांबद्दल अजून एक, कारण तुम्ही देव म्हणालात. देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांच्या यादीत रतन टाटा वर का नसायचे? कारण टाटा सन्सचे साधारण ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडं आहेत, आणि त्यातले मोठे ट्रस्ट सर रतन आणि सर दोराब या जमशेटजींच्या दोन मुलांच्या नावाचे आहेत, १९१९ चा एक आणि १९३२ चा एक. म्हणजे संपत्ती आधीच्या पिढीनं बांधून ठेवली आणि २०२४ ला गेलेल्या रतन टाटांनी ती व्यवस्था मोडली नाही, जपली. मला हे त्यांच्या नावानं फिरणाऱ्या सुविचारांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. त्या सुविचारांपैकी एक तर माझा नाहीच असं त्यांनी स्वतःच २०२० मध्ये सांगितलं होतं, तेव्हा स्टेटसला लावताना जरा बघून लावा.

प्रेमजींचं पण तसंच. २०१९ ला त्यांनी अजून शेअर दिले आणि एकूण दान १ लाख ४५ हजार कोटीच्या आसपास गेलं ही बातमी सगळ्यांनी वाचली, आकड्यानं डोळे दिपले. पण त्या पैशाचं काय होतं ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. आपल्या सरकारी शाळांत, मराठी असू दे कानडी असू दे, पोरांना दुपारच्या जेवणात अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. सरकार आठवड्यात दोन दिवस देत होतं, २०२४ ला प्रेमजी फाउंडेशननं तीन वर्षांसाठी साधारण दीड हजार कोटीचा करार केला आणि उरलेले चार दिवस त्यांनी उचलले. एवढा पैसा असलेल्या माणसाला पुतळे, टॉवर, काय पाहिजे ते बांधता आलं असतं, आणि तो गेला कशाला तर चौथीतल्या पोराच्या ताटातल्या अंड्याला, जे खाल्लं की संपलं, ज्याच्यावर नाव घालता येत नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचता ना, मग हेच नीट वाचा, कारण हे तुम्हाला २ लाखातही करता येतं.

म्हणजे कमान नको. पण वडिलांना असं तोंडावर सांगू नका. ज्या माणसाचं नाव कारखान्याच्या हजेरीपटाशिवाय कुठं लिहिलं गेलं नाही, त्याचं नाव गावाच्या वेशीत दिसावं असं त्याच्या मुलाला वाटतं, यात चुकीचं काय आहे? मला ते वाचून गलबलून आलं. नाव जरूर घाला. फक्त सिमेंटवर घालण्यापेक्षा ज्याचा कुणाला उपयोग होईल अशा गोष्टीवर घाला.

गावात जा आणि सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांशी आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीच्या, अध्यक्षांशी बसून बोला, काय पाहिजे ते त्यांना विचारा, आपण ठरवून जाऊ नका. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत सातवीनंतर पोरांचं, खास करून पोरींचं, काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. शक्ती योजनेमुळं पोरींना बसला तिकीट लागत नाही, पण बसच शाळेच्या वेळेला नसेल तर फुकट तिकिटाचं करायचं काय. त्यामुळं विचारा की किती पोरं हायस्कूलला जातात, कशी जातात, कोण थांबलं. मग सायकली निघतील, किंवा पावसाळ्यात एखाद्या वडापवाल्याला महिन्याचे पैसे बांधून देणं निघेल, किंवा वेगळंच काही.

२ लाख एकदम देऊ नका. बँकेत ठेवून फक्त व्याजावर चालवायचं म्हटलं तर साडेसहा टक्क्यानं वर्षाला १३ हजारच येतात, त्यात फार काही होत नाही, त्यापेक्षा वर्षाला ४० हजार असं ५ वर्षं द्या, एक तुकडी आठवी ते दहावी पूर्ण होताना बघाल आणि दुसरी अर्ध्यावर येईल, तोवर तुम्हाला कळेल पुढं चालू ठेवायचं का. पैसे रोख कुणाच्या हातात ठेवू नका, एसडीएमसीच्या मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, शाळेच्या खात्यावर चेकनं द्या, पावती घ्या, वस्तू दिली तर शाळेच्या स्टॉक रजिस्टरला नोंद करून घ्या. हे अविश्वास म्हणून नाही, उद्या मुख्याध्यापकांची बदली झाली तर काम थांबू नये म्हणून. आणि टॅक्सची सवलत मिळते का ते सीएंना विचारा पण त्याच्यावर काही ठरवू नका, ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि २ हजारांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

शाळेच्या एका भिंतीवर साधी पाटी लावा, आजोबांचं नाव, गाव, आणि खाली "मोल्डर" असं लिहा. धंदा लिहायला लाजू नका. उद्घाटनाला आमदार वगैरे बोलावू नका, वडिलांच्या हातनं करा.

ईएसआयचे वर्षाचे ८७ हजार आणि हे ४० हजार मिळून सव्वा लाखाच्या वर जातात, धंद्याला जड जाईल असं वाटत असेल तर शाळेचे कमी करा, ईएसआयचे कमी करू नका. शाळेला द्यायचं ते तुमच्या खुशीनं आहे, कामगारांचं ते त्यांचं आहे.

या रविवारी वडिलांशी बोलायला बसाल तेव्हा वहिनींना शेजारी बसवा, हिशोब त्यांना सांगू द्या, कारण तो त्यांनी आधीच केलेला असणार अशी माझी खात्री आहे. आणि सोमवारी शॉप उघडल्यावर त्या पाच जणांकडनं आधार कार्ड आणि बँक पासबुकची झेरॉक्स मागून घ्या, रजिस्ट्रेशनला लागेल.

तुमची ताई